डावा

फलजच्या कॅम्पात, खोली नंबर एकोणीस.
शुक्रवारी हसन परकार नमाजाहून परतला
की वर्ग भरायचा.
फळा म्हणजे एसीच्या खोक्याचा उलटा पुठ्ठा,
खडू म्हणजे पाइपावर खुणा करायचा पिवळा मार्कर,
आणि मास्तर मी, स्टोअरकीपर,
दोनदा बारावीला बसलेला,
म्हणजे खोलीतला सगळ्यांत शिकलेला.

पहिल्या दिवशी ‘हॅव’.
हे क्रियापद आपल्याकडे नाही, मी सांगितलं.
आपल्यात सगळं नुसतं असतं :
मला बायको आहे,
माझ्याकडे पाना आहे,
मला ताप आहे.
हे लोक तिन्हीला एकच लावतात.
आय हॅव अ वाइफ, अ स्पॅनर, अ फीव्हर.

लवू मेस्त्री, स्कॅफोल्डिंगवाला,
देवगडच्या अलीकडचा, सावकाश बोलणारा,
पुठ्ठ्याकडे बघत राहिला :
‘म्हंजे बायको नि पानो एकाच शब्दात?
ह्यां काय बरां नाय.’

मधल्या ‘अ’चा अर्थ कुठलीही एक,
‘द’चा अर्थ, तीच ती, तुला-मला ठाऊक असलेली.
हसनने विचारलं, मग घरातली ‘अ’ की ‘द’?
सगळे हसले.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
फक्त एसी.

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी लवूने विचारलं,
‘भायर पडताना आपण “येतंय” म्हणतो,
ह्यांच्यात काय म्हणतत?’
मी म्हटलं, बाय.
त्याला ते पुरलं नाही.
आय ॲम कमिंग म्हणालास तर, मी म्हटलं,
लोक वाट बघत बसतील.
‘बघूंदेत,’ तो म्हणाला.

मग ‘लीव्ह’. रजा. आणि सोडणं.
भूतकाळी ‘लेफ्ट’.
लेफ्ट म्हणजे सोडून गेला,
लेफ्ट म्हणजे उरलेला,
आणि लेफ्ट म्हणजे डावा.
लवूने आपला हात
उलटा-सुलटा करून पाहिला.
डावखुरा होता.

हे आणखी कुणाला सांगून उपयोग नाही,
पण स्टोअरमध्ये हातमोज्यांचा एक घोळ असतो :
उजवे आधी फाटतात.
डावे तसेच राहतात, कोरे, जोडीवाचून.
त्या कॅम्पात डावे फाडणारा एकटा लवू.
एवढ्या माणसांत एकटा तो किती फाडणार?
तरी त्याच्या नावावर दोन-चार खपायचे,
आणि महिनाअखेर मला बरं वाटायचं.

मे महिन्यात शटडाउन संपलं.
यादी लागली त्या दिवशी मी मस्कतला,
कस्टममध्ये अडकलेल्या बोल्टांमागे.
रात्री आलो तर खालच्या बाकावरची
गादी गुंडाळलेली,
पुठ्ठा भिंतीला टेकलेला, होता तसाच.
गेटवर नेपाळी गार्डने
रजिस्टर माझ्याकडे फिरवलं,
लवूच्या नावापुढे निळ्या शाईत :
ही हॅज लेफ्ट.

मीच शिकवलं होतं.
हॅज, म्हणजे त्याच्याकडे आहे.
लेफ्ट, म्हणजे डावा.
त्याच्याकडे डावा आहे.
चूक आहे, मला कळतं,
कुठल्याही परीक्षेत शून्य मिळेल.
तरी त्या पिवळ्या दिव्याखाली
मी ते तसंच वाचलं,
आणि दुसऱ्यांदाही तसंच.

आता महिनाअखेर मोजणी असते.
उजवे शून्य. डावे एक्केचाळीस.
फोरमन रॉडेल दारात उभा राहून
कागदावरून नजर न उचलता विचारतो,
व्हॉट इज लेफ्ट?
मी म्हणतो, लेफ्ट.
तो मान हलवतो, हळूच पुन्हा विचारतो,
एकेक शब्द सुटा करून.
त्याला वाटतं, मी उच्चार गिरवतोय,
अजून शिकतोय.